घर कुणाच्या नावावर? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्या आणि सिनेमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कचं ब्रुकलिन, शिकागो, लॉस एंजेलिस, ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को इथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांवरचे सिनेमे आता घरबसल्या बघायला मिळतात, आणि ते पाहिलेल्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तर देताना काही ठिकाणी सिनेमाचा शेवट सांगावाच लागला. शेवट आधी कळलेला चालत नसेल तर तो सिनेमा बघून मग त्यावरचं उत्तर वाचा.

जेंट्रिफिकेशन म्हणजे नेमकं काय? वस्तीची सुधारणाच ना ती?

समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनविषयी लिहिताना हा शब्द आणला. कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्तीत पैसेवाले राहायला येतात, पडकी घरं स्वस्तात घेऊन नीट करतात, मग भाडी चढतात, मालमत्ता कर चढतो, कोपऱ्यावरचं जुनं दुकान बंद पडतं. शेवटी, पडत्या काळात ज्यांनी वस्ती धरून ठेवली त्यांनाच गाशा गुंडाळावा लागतो.

सुधारणा होते, हे खरं आहे. पण रस्त्यावरचे दिवे, वेळेवर उचललेला कचरा, बरी शाळा हे सगळं जुने रहिवासी वर्षानुवर्षं मागत होते. तेव्हा ते मिळालं नाही आणि मिळालं तेव्हा ते तिथे उरले नाहीत.

म्हणून या विषयावरचा कोणताही सिनेमा बघताना मी आधी एकच गोष्ट शोधते. घर कुणाच्या नावावर आहे, भाडं कोण कुणाला देतं, दुकानाचा मालक संध्याकाळी शटर ओढून कुठे राहायला जातो? हे ज्या सिनेमात दिसतं तो वस्तीबद्दल काहीतरी सांगतो. ज्यात नुसत्या बंदुका दिसतात तो बहुतेक वेळा वस्तीचा फक्त देखावा वापरतो.

या वस्त्या फक्त कृष्णवर्णीयांच्या कशा झाल्या? त्यांनीच एकत्र राहायचं ठरवलं का?

त्यांना दुसरीकडे राहू दिलं गेलं नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आले. तिथे अनेक भागांत खरेदीखतातच अट असायची की हे घर गोऱ्या नसलेल्या माणसाला विकायचं नाही. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठीच्या सरकारी महामंडळानं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे काढून वस्त्यांना श्रेणी दिल्या. कृष्णवर्णीय राहत त्या वस्तीवर जवळपास हमखास तांबडा रंग यायचा. तांबडा म्हणजे जोखमीचा भाग, कर्ज देऊ नये असा. यालाच रेडलायनिंग म्हणतात. कर्ज नाही म्हणून खरेदी नाही, डागडुजी नाही, आणि मग घरांचे भाव पडलेलेच. गोऱ्या कुटुंबांना मात्र त्याच काळात सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरांत घरं मिळाली आणि ती पुढे मुलाबाळांना गेली. घर देताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये आला, पण तोवर दोन पिढ्यांचं नुकसान होऊन गेलं होतं.

हे सगळं एका दिवाणखान्यात बघायचं असेल तर १९६१ चा 'अ रेझिन इन द सन' बघा. लोरेन हॅन्सबेरी यांच्या १९५९ च्या नाटकावरचा हा सिनेमा, नायक सिडनी पॉयटिए. शिकागोच्या साउथ साइडमधल्या खुराड्यासारख्या घरात यंगर कुटुंब राहतं. वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात आणि आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मग त्या वस्तीच्या संघटनेकडून लिंडनर नावाचे एक गृहस्थ येतात. आवाज चढवत नाहीत, अपशब्द वापरत नाहीत. तुम्ही तुमच्या माणसांत जास्त सुखी राहाल असं समजावतात, आणि तुम्ही भरलेल्यापेक्षा जास्त पैसे देऊन घर परत घेतो म्हणतात. वर्णद्वेष इतक्या सभ्य आवाजात बोलताना मी सिनेमात फार कमी वेळा ऐकला आहे. हॅन्सबेरींनी हे घरातच पाहिलं होतं. त्यांच्या वडिलांनी शिकागोत अशाच भागात घर घेतलं, शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं आणि तो खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सुरुवात कुठल्या सिनेमापासून करू?

स्पाइक लीच्या १९८९ च्या 'डू द राइट थिंग'पासून. ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंट या वस्तीतला एक रस्ता आणि उन्हाळ्यातला सगळ्यात तापलेला एक दिवस, एवढाच पसारा. चित्रीकरण खरोखर तिथल्याच स्टायव्हसंट अॅव्हेन्यूवर झालं. पिझ्झेरिया आणि कोरियन दुकान हे मात्र मोकळ्या प्लॉटवर उभारलेले सेट होते. छायाचित्रकार अर्नेस्ट डिकर्सन यांनी लाल-नारिंगी रंगांतून असा उकाडा उभा केला आहे की बघताना पंखा वाढवावासा वाटतो.

यातला एक छोटा प्रसंग नीट बघा. बगिन आउट या तरुणाच्या कोऱ्या एअर जॉर्डन बुटांवरून एका गोऱ्या माणसाच्या सायकलचं चाक जातं. त्या माणसाच्या अंगात बॉस्टनच्या बास्केटबॉल संघाचा टी-शर्ट. बगिन आउट चिडून विचारतो की तू आमच्या वस्तीत, आमच्या रस्त्यावर काय करतोस? उत्तर मिळतं की हे घर माझ्या मालकीचं आहे. पोरं ओरडतात, जा परत मॅसॅच्युसेट्सला. तो सांगतो की माझा जन्म ब्रुकलिनचाच. सगळे हसतात आणि प्रसंग संपतो. १९८९ मध्ये ही गंमत होती. पुढच्या तीस वर्षांत त्या वस्तीचं जे झालं ते या दीड-दोन मिनिटांत आलेलं आहे. आवाज बगिन आउटचा मोठा आहे, पण दार त्या गोऱ्या माणसाच्या किल्लीनं उघडतं.

पिझ्झेरियाचंही तेच. सालचं दुकान तिथे पंचवीस वर्षं आहे, वस्तीतली पोरं त्याच्या पिझ्झावर वाढली, त्याला त्यांच्याबद्दल खरंच माया आहे. तरी भिंतीवर फोटो सगळे इटालियन-अमेरिकनांचे. एखादा तरी कृष्णवर्णीय चेहरा लाव ना, असं बगिन आउट म्हणतो. गिऱ्हाईक सगळं आम्हीच आहोत. साल म्हणतो, स्वतःचं दुकान काढ आणि मग त्यात हवं ते लाव. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच भांडण मिटत नाही. रस्त्यापलीकडे लाल भिंतीशी खुर्च्या टाकून बसलेली तीन मध्यमवयीन माणसं समोरच्या कोरियन दुकानाकडे बघत कुढतात. इमारत कित्येक वर्षं फळ्या ठोकून बंद होती, आणि देशात नवी आलेली माणसं वर्षभरात तिथे धंदा मांडून बसली. आपल्याला का जमलं नाही? ते एकमेकांनाच दोष देतात. कर्ज कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हा विषय त्यांच्या बोलण्यात येत नाही. ली तो आपल्यावर सोडतो.

'डू द राइट थिंग'च्या शेवटी मुकी कचऱ्याचा डबा पिझ्झेरियाच्या काचेवर का फेकतो? सालनं त्याचं काय वाईट केलं होतं?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. मुकी म्हणजे सालकडे घरोघर पिझ्झा पोचवणारा कृष्णवर्णीय तरुण. आधी क्रम आठवा. मोठ्या आवाजात रेडिओ वाजवतो म्हणून साल वस्तीतल्या रेडिओ रहीम या तरुणाचा रेडिओ फोडतो, मारामारी होते, पोलीस येतात आणि गळ्याभोवती दांडा आवळून रहीमला सगळ्यांसमोर मारतात. प्रेत गाडीत घालून निघून जातात. डबा त्यानंतर फेकला जातो. तरी चर्चा काचेची होते.

स्वतः लीनं अनेकदा सांगितलं आहे की मुकीनं डबा का फेकला हे त्याला कृष्णवर्णीय प्रेक्षक विचारत नाहीत. सिनेमा आला तेव्हा काही समीक्षकांनी यामुळे दंगली होतील असं लिहिलं. दंगली झाल्या नाहीत. पोलिसांनी गळा आवळून मारणं मात्र थांबलं नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्येच एरिक गार्नर यांचा मृत्यू तसाच झाला. सिनेमाही हवेतून आलेला नव्हता. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या किंवा जमावाच्या हातून मेलेल्यांच्या कुटुंबीयांना तो अर्पण केलेला आहे.

मुकीनं बरोबर केलं की चूक, याचं उत्तर सिनेमा देत नाही. शेवटी पडद्यावर दोन अवतरणं येतात. हिंसेविरुद्ध बोलणारं मार्टिन ल्यूथर किंग यांचं आणि स्वसंरक्षणाची बाजू घेणारं माल्कम एक्स यांचं. माझं मत विचाराल तर त्याच्याही आधीचा प्रसंग जास्त महत्त्वाचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकी जळलेल्या दुकानापाशी येऊन आठवड्याचा पगार मागतो, अडीचशे डॉलर. बघणाऱ्याला ते निर्लज्जपणाचं वाटू शकतं. पण त्याला एक मूल आहे आणि घरभाडं काही टळत नाही. सालला विम्याचे पैसे मिळतील, हे दोघांनाही माहीत आहे. रहीम परत येणार नाही.

नव्वदच्या दशकातले 'हूड' (म्हणजे कृष्णवर्णीय वस्तीवरचे) सिनेमे म्हणजे सगळा गोळीबार आणि ड्रग्जच ना?

पुष्कळसे तसेच, आणि त्यांनी नुकसानही केलं. लॉस एंजेलिसमधलं साउथ सेंट्रल किंवा वॉट्स म्हटलं की जगभरच्या प्रेक्षकाला बंदूकच आठवू लागली. पण जॉन सिंगलटनचा १९९१ चा 'बॉइझ इन द हूड' त्यांच्या पंगतीत बसवू नका. सिंगलटन २४ वर्षांचा असताना त्याला उत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर नामांकन मिळालं. तोवर इतक्या कमी वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं, आणि कृष्णवर्णीय दिग्दर्शकाला तर पहिल्यांदाच.

त्यातला बाप, फ्युरियस स्टाइल्स (लॉरेन्स फिशबर्न), मुलाला आणि त्याच्या मित्राला गाडीत घालून कॉम्प्टनला नेतो. एका मोकळ्या जागेवर मोठा फलक आहे, रोख पैसे देऊन तुमचं घर विकत घेऊ म्हणणारा. फ्युरियस जमलेल्या माणसांना समजावतो की आधी वस्तीचा भाव पाडतात, मग जमीन स्वस्तात घेतात, माणसं हलवतात, भाव चढवतात आणि नफ्यानं विकतात. एक म्हातारा म्हणतो की भाव तर इथली गोळ्या झाडणारी पोरंच पाडतात. फ्युरियस उलट विचारतो की ड्रग्ज इथवर येतात कसे? आपली विमानं नाहीत, जहाजं नाहीत. दर कोपऱ्यावर दारूचं दुकान आणि बंदुकीचं दुकान इथेच का, श्रीमंतांच्या बेव्हर्ली हिल्सला का नाही?

सिनेमा थांबवून दिलेलं भाषण आहे हे, असं बरेच जण म्हणतात. आहेच. पण १९९१ मध्ये तिकीट काढून मारधाड बघायला आलेल्या हजारो तरुणांना जमिनीच्या भावाचं गणित दुसऱ्या कुणी सांगितलं होतं?

साधं घर, साधी माणसं दाखवणारा एखादा सिनेमा आहे का?

चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप'. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकताना पदवीसाठी केलेला कृष्णधवल सिनेमा, खर्च दहा हजार डॉलरच्या आत. सत्तरच्या दशकात वॉट्समध्ये, बहुतेक शनिवार-रविवारी चित्रीकरण झालं. त्यातल्या गाण्यांचे हक्क मिळवलेले नव्हते म्हणून तो थिएटरात नीट लागला थेट २००७ मध्ये.

स्टॅन कत्तलखान्यात काम करतो. झोप लागत नाही, बायकोशी बोलणं होत नाही. १९६५ च्या कृष्णवर्णीयांच्या उठावात वॉट्समध्ये ३४ माणसं मेली होती. त्या उठावाचं नाव सिनेमात कुणी काढत नाही, पण पोरं खेळतात ती राडारोड्यात. एका प्रसंगात स्टॅन ठासून सांगतो की मी गरीब नाही. गरीब कसा, मी साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला वस्तू देतो. मग तो गरम चहाचा कप गालाला लावतो. दुसऱ्या प्रसंगात तो आणि त्याचा मित्र जुन्या गाडीचं इंजिन विकत घेतात. जिन्यावरून धापा टाकत खाली आणतात आणि उघड्या ट्रकच्या मागच्या कडेवर ठेवतात. अजून आत सरकव, असं एक जण म्हणतो. दुसऱ्याचं बोट चेंगरलेलं, तो म्हणतो राहू दे. ट्रक चढावर सुरू होतो, इंजिन रस्त्यावर पडतं आणि फुटतं. दोघं उतरतात, बघतात आणि ते तिथेच टाकून निघून जातात. गरिबीत पैसा कसा वाया जातो, साठत का नाही, याचं इतकं अचूक चित्र मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात सापडलेलं नाही.

कृष्णवर्णीयांमध्येही श्रीमंत-गरीब असतीलच. ते सिनेमात येतं का?

येतं, आणि अलीकडे जास्त धीटपणे येतं. सगळ्यात चांगलं आलंय ते भयपटात.

१९९२ चा 'कँडीमॅन' शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी गृहसंकुलात घडतो. हेलन ही गोरी संशोधक तिथल्या भुताच्या आख्यायिका गोळा करते. आपण राहतो ती महागडी इमारतही मुळात गरिबांसाठी याच आराखड्यानं बांधलेली होती, हे तिला शोधताना कळतं. पण या बाजूला श्रीमंत वस्ती आणि मध्ये काही अडसर नाही, म्हणून भिंतींना गिलावा करून ते फ्लॅट विकून टाकले. न्हाणीघरातल्या आरशाचं कपाट काढलं की मागे भोक आणि पलीकडे शेजारचा फ्लॅट. कॅब्रिनीत त्याच भोकातून खुनी येतो. ही कल्पना मनची नाही. १९८७ मध्ये शिकागोच्याच दुसऱ्या एका सरकारी संकुलात मारेकरी असेच कपाटामागून शिरले होते.

कॅब्रिनी-ग्रीनच्या उंच इमारती १९९५ पासून पाडायला घेतल्या आणि शेवटची २०११ मध्ये पडली. निआ डाकोस्टाचा २०२१ चा 'कँडीमॅन' तिथून पुढे सुरू होतो. नायक अँथनी कृष्णवर्णीय चित्रकार, मैत्रीण कलादालनात काम करणारी, आणि दोघं राहतात ती जागा म्हणजे त्याच जमिनीवरचा चकचकीत फ्लॅट. एक समीक्षक बाई त्याला सुनावते की वस्तीत आधी तुम्ही कलाकार शिरता आणि मग भाव चढतात. तो चिडतो, कारण स्वस्त जागेत राहणं हा त्याचा कट नाही, गरज आहे. पण खाली उरलेल्या बैठ्या घरांत तो जातो ते चित्राला विषय शोधायला. सिनेमा त्याला सूट देत नाही आणि फासावरही चढवत नाही. बारीकसारीक तक्रारी आहेत माझ्या, शेवट घाईत उरकलाय. तरी हा मुद्दा इतका थेट कुणी मांडला नव्हता.

बॅरी जेन्किन्सचा पहिला सिनेमा 'मेडिसिन फॉर मेलन्कली' (२००८) हेच हलक्या हातानं करतो. एक कृष्णवर्णीय तरुण आणि एक कृष्णवर्णीय तरुणी, एक दिवस, सॅन फ्रान्सिस्को आणि जवळपास सगळा रंग काढून घेतलेलं चित्र. त्याला शहरातून आपली माणसं कमी होतायत याची चीड आहे. ती महागड्या भागात राहते, आणि प्रत्येक गोष्ट वर्णावर आणून ठेवायला तयार नाही. प्रेमाच्या गप्पांत हे भांडण येतं आणि ते खरं वाटतं.

'द लास्ट ब्लॅक मॅन इन सॅन फ्रान्सिस्को' इतका का गाजला? एका घराचा हट्ट तर आहे.

हट्टच आहे, आणि त्या हट्टामागे शहराचा इतिहास आहे. फिलमोर हा सॅन फ्रान्सिस्कोतला भाग. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जपानी-अमेरिकनांना सरकारनं छावण्यांत डांबलं. रिकाम्या झालेल्या घरांत गोदी कामगार म्हणून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहू लागली. जॅझ क्लब उघडले, भाग नावारूपाला आला. मग नगर-नूतनीकरणाच्या नावाखाली सरकारनं त्याच भागावर बुलडोझर फिरवला. नगर-नूतनीकरण म्हणजे कृष्णवर्णीयांना हटवणं, असं कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मध्येच म्हटलं होतं. १९७० च्या सुमारास शहरात तेरा टक्के असलेले कृष्णवर्णीय २०२० मध्ये पाच टक्क्यांच्या आसपास उरले.

सिनेमातला जिमी शहराच्या बेव्ह्यू या भागात मित्राच्या घरात जमिनीवर झोपतो आणि स्केटबोर्डवरून फिलमोरला जाऊन एका जुन्या घराच्या खिडक्यांना रंग देतो. घर आता एका गोऱ्या जोडप्याचं आहे. ती बाई त्याला हाकलते, तरी तो ब्रश खाली ठेवत नाही. त्याचं म्हणणं एकच, हे घर माझ्या आजोबांनी १९४६ मध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं. घर वादात अडकून रिकामं होतं तेव्हा तो आणि मित्र माँट सामान घेऊन आत शिरतात.

आणि मग कागद निघतो. घर आजोबांनी बांधलेलंच नाही, त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. माँट हे सगळ्यांसमोर नाटकातून बोलून दाखवतो. इथे अनेक प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. ज्यांच्याकडून जमीन, घर, गाव सगळं पुन्हा पुन्हा काढून घेतलं गेलं त्यांच्याकडे हक्क सांगायला कागद उरत नाही, गोष्ट उरते. जिमीच्या कुटुंबानं ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बाजारात गोष्टीला किंमत नाही, हे त्याला कळतं, आणि आपल्यालाही.

मुख्य भूमिका करणारा जिमी फेल्स स्वतःच्या आयुष्याचा बराच भाग यात घेऊन आला आहे. माँटच्या अंध आजोबांच्या भूमिकेतले डॅनी ग्लोव्हर याच शहरात जन्मले आणि १९६८ च्या इथल्या विद्यार्थी संपात होते.

दिग्दर्शक गोरा असेल तर असा सिनेमा त्यानं करावा का?

'लास्ट ब्लॅक मॅन'चा दिग्दर्शक जो टॅल्बट गोरा आहे, जिमी फेल्सचा लहानपणापासूनचा मित्र. गोष्ट जिमीची, त्यामुळे तिथे मला अडचण वाटत नाही. जुना नमुना हवा तर हॅल अॅश्बीचा १९७० चा 'द लँडलॉर्ड' बघा. श्रीमंत घरातला २९ वर्षांचा गोरा तरुण ब्रुकलिनच्या पार्क स्लोपमधली भाडेकरूंनी भरलेली इमारत घेतो. भाडेकरूंना काढायचं आणि बंगला करायचा, हा बेत. हॉलिवूडनं या विषयाला इतक्या लवकर हात घातला यावर आज विश्वास बसत नाही. दिग्दर्शक गोरा असला तरी मूळ कादंबरी क्रिस्टिन हंटर यांची आणि पटकथा बिल गन यांची, दोघंही कृष्णवर्णीय. सिनेमात ते जाणवतं. भाडेकरूंना मालकाच्या मनातलं त्याच्याआधी कळलेलं असतं.

उलटही होतं. मेरावी गेरिमाच्या 'रेसिड्यू'मध्ये (२०२०) वॉशिंग्टनमधल्या आपल्या जुन्या गल्लीवर सिनेमा करायला परतलेला तरुण कृष्णवर्णीयच आहे, तरी जुने मित्र त्याच्याकडे संशयानं बघतात. इतकी वर्षं कुठे होतास, हा त्यांचा प्रश्न. नुसत्या वर्णानं तो सुटत नाही.

सिनेमामुळेच वस्ती प्रसिद्ध होते आणि महाग होते, असं नाही का?

थोडंफार होतं. 'डू द राइट थिंग'च्या रस्त्याला २०१५ मध्ये त्या सिनेमाचंच नाव जोडलं गेलं. आता लोक तिथे फोटो काढायला जातात. पण भाव चढवण्यात बँका, बिल्डर आणि शहराची धोरणं यांचा हात किती मोठा, ते विसरून सगळं खापर कलाकारांवर फोडणं सोपं पडतं. स्पाइक लीनं २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधल्या भाषणात याच विषयावर राग काढला होता. वडिलांनी १९६८ मध्ये घर घेतलं, ते संगीतकार, घरात वाद्य वाजवायचे. नवे शेजारी आले आणि त्यांनी पोलिसांना फोन केला.

सरकारी इमारती बांधून दिल्या होत्या ना? त्या रहिवाशांनीच खराब केल्या.

हे ऐकलं की मी 'द प्रुइट-आयगो मिथ' (२०११) हा माहितीपट सुचवते. सेंट लुईसमधल्या ११ मजली ३३ इमारती, पाडायला सुरुवात १९७२ मध्ये. देखभालीचा खर्च भाड्यातूनच काढायचा असा नियम, आणि भाडेकरू दिवसेंदिवस गरीब होत चाललेले. मग लिफ्ट बंद, पाइप फुटलेले. सरकारी मदत हवी तर घरात धडधाकट पुरुष नको, हीही अट. तिथे वाढलेली माणसं कॅमेऱ्यासमोर बसून पहिल्या नाताळच्या रोषणाईबद्दलही बोलतात. ती वस्ती त्यांना आवडायची.

गिरणगावाशी तुलना करावी का?

जपून. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळमध्ये काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको, आणि जयंत पवारांच्या 'अधांतर'वरून आलेला 'लालबाग परळ' अनेकांनी पाहिला आहे. चाळीच्या जागी टॉवर हे दृश्य सारखं दिसतं. पण अमेरिकेत वस्तीचा भाव आधी वर्णावरून पाडला गेला. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायची तर ती जातीत शोधावी लागेल, सोसायटीत घर नाकारलं जाण्यात शोधावी लागेल. आणि तिथे खरा दुवा आहेच. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना उभी राहिली. त्यापासून प्रेरणा घेऊन नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर काढली.

आम्ही नोकरीनिमित्त बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडच्या परिसरात) राहतो. यात आमचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. त्या भागातली भाडी ज्या टेक कंपन्यांच्या पगारांनी चढली त्या पगारांत आपलेही पगार आहेत. १९८० मध्ये ओकलंडची जवळपास निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. २०२० मध्ये ती चौथ्या हिश्श्याहून कमी झाली. 'ब्लाइंडस्पॉटिंग' (२०१८) तिथलाच. कॉलिन आणि माइल्स घरसामान हलवणाऱ्या कंपनीत काम करतात, म्हणजे आपल्याच शहरातल्या माणसांचं उरलंसुरलं उचलतात. माइल्स गोरा, पण ओकलंडमध्येच वाढलेला. एका पार्टीत शहरात नवा आलेला कृष्णवर्णीय तरुण त्याला उपरा समजतो आणि माइल्सचा तोल जातो. वर्ण आणि वर्ग एकमेकांवरून असे घसरत जातात की कुणाची बाजू घ्यावी कळत नाही.

दुसरी बाजूही माहीत असावी. १९१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या वैष्णोदास आणि कला बगाई यांनी याच परिसरातल्या बर्कलीत घर घेतलं आणि सामान घेऊन गेले. शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून त्यांना आत शिरू दिलं नाही. आज बर्कलीत कला बगाई यांच्या नावाचा रस्ता आहे. तेव्हा बाहेर काढलेले आपणही होतो. आता घर घेताना आधी तिथे कोण राहत होतं, ते का गेलं, एवढं तरी विचारावं. वस्तीच्या बैठकीला जावं. शेजारी अंगणात मोठ्यानं गाणी लावली म्हणून पोलिसांना फोन करण्याआधी दार वाजवावं.

मुलांसोबत काय बघता येईल?

स्पाइक लीचाच 'क्रुकलिन' (१९९४). सत्तरच्या दशकातलं ब्रुकलिन, संगीतकार बाप, शिक्षिका आई, पाच पोरं. घर स्वतःचं, वरच्या मजल्यावर भाडेकरू, तरी बिल थकून वीज कापली जाते आणि मेणबत्त्या लागतात. भांडणं, शिव्या आहेत आणि शेवटाकडे आईचा मृत्यू आहे, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना बरा. घरातली मुलगी ट्रॉय नातेवाइकांकडे दक्षिणेत जाते तेव्हा चित्र अचानक उभट आणि दबलेलं दिसू लागेल. टीव्हीची सेटिंग बदलू नका, लीनं तो भाग मुद्दाम तसा ठेवला आहे. बाकीचे सिनेमे मोठ्यांसाठीच. 'ब्लाइंडस्पॉटिंग'मध्ये ओकलंडची बोली फार भरभर येते, तो सबटायटल लावून बघा.